कै. शेठ वालचंद हिराचंद आणि स्वदेशी मोटारीची कसोटी

थोर पुरुषांची चरित्रे वाचावयाची ती केवळ त्यांच्या संपत्तीचे व मानमरातबाचे आश्चर्य करण्यासाठी नव्हे. त्यांनी कोणते कार्य हाती घेतले, ते करताना कोणत्या अडचणी आल्या, त्यांतील कोणत्या त्यांनी निवारल्या आणि कोणत्या अखेरपर्यंत तशाच राहिल्या, हे समजून घेण्यात चरित्रवाचनाचा खरा लाभ आहे. ह्याच हेतूने कै. शेठ वालचंद हिराचंद यांचे चरित्र आपल्या मंडळाच्या सभासद-कुटुंबांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. शेठजी आपल्या ज्ञातीचे नव्हते. परंतु गुण काही ज्ञाती विचारून जन्मास येत नाहीत, तेव्हा गुणग्रहण करतानाही ती विचारण्याचे कारण नाही.

शिवाय अकलोलीच्या व एकंदर भिवंडी तालुक्याच्या रहिवाशांस शेठजींचे नाव अगदीच परके नसावे. ज्या तानसा नदीच्या काठी आपली उष्णोदकाची कुंडे आहेत, त्याच नदीचे पाणी वरच्या अंगास अडवून मुंबईस नेले जाते. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. परंतु वाढत्या मुंबईस पहिल्या नळांचे पाणी पुरेना, म्हणून १९२० नंतरच्या दशकात तानसापासून मुंबईपर्यंत सुमारे सहा फूट व्यासाचे पोलादी नळ घालण्यात आले. हे प्रचंड काम ज्या कंपनीने केले, तिचे प्रमुख चालक वालचंदशेठ होते. आपल्या तालुक्यातून जाणारे ते नळ पाहताना त्यांचे नाव मनात यावे, हे योग्यच आहे.

जन्म, शिक्षण व पहिला मक्ता

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे दिगंबर जैन, मूळचे गुजरातचे, दोशी आडनावाचे; परंतु पिढ्या सोलापुरात गेल्याने मराठी भाषा व मराठी रीतिरिवाज त्या घरास आपलेच झालेले. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे व्यापार व सावकारी करीत. धर्मकार्यात व समाजसुधारणेतही त्यांचे अंग होते. वालचंद १८९९ साली मॅट्रिक झाले. पुढे मुंबईस व पुण्यास त्यांनी कॉलेजचे शिक्षण घेतले, पण पदवी पदरात पडण्यापूर्वीच घरच्या व्यापारात लक्ष घालण्यासाठी त्यांना परतावे लागले.

घरची पेढी चालविणे हा बिनधोक मार्ग होता. वालचंदांचे मन त्यात रमले नाही. सन १९०३ च्या सुमारास श्री. लक्ष्मणराव बळवंत फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी त्यांनी भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या रस्त्याच्या एका तुकड्याचा मक्ता घेतला. एकापाशी कामाची माहिती होती, दुसऱ्यापाशी भांडवल व उमेद होती. शेठजी पेढीच्या गादीवर बसून राहिले नाहीत. माती, खडी, मजुरी व मुदत या चार गोष्टींचा हिशेब त्यांनी कामावर उभे राहून शिकून घेतला. येथूनच त्यांच्या बांधकाम-व्यवसायाचा पाया घातला गेला. पुढे टाटांच्या सहकार्याने हा व्यवसाय फारच मोठा झाला. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, वर सांगितलेले तानसाचे नळ, सिंधू नदीवरील कालाबागचा पूल, ब्रह्मदेशातील इरावतीवरील पूल अशी नामांकित कामे त्यांच्या कंपन्यांनी पार पाडली. सन १९२६ साली स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी ही त्याच परंपरेतील होय.

समुद्र, जमीन आणि आकाश

सन १९१९ मध्ये शेठजींनी शेठ नरोत्तम मोरारजी प्रभृती सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची ‘लॉयल्टी’ नामक आगबोट त्यांनी विकत घेतली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनकडे निघाली. परकीय कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून हा उद्योग बुडविण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, तरी तो तग धरून राहिला. आज ५ एप्रिल हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो, तो ह्याच प्रवासाच्या स्मरणार्थ. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव व पुणे जिल्ह्यातील कळंब येथील माळरानांवर त्यांनी उसाचे मळे व साखरेचे कारखाने उभे केले; कळंबच्या वसाहतीस वालचंदनगर हे नाव मिळाले. विशाखापट्टण येथील जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते २१ जून १९४१ रोजी बसली, आणि तेथे बांधलेली ‘जलउषा’ ही बोट १४ मार्च १९४८ रोजी पं. नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आली.

परंतु ह्या लेखात मुख्यतः सांगावयाचे आहे ते मोटारीविषयी. शेठजींच्या सर्व उद्योगांत ह्याच एका उद्योगाने त्यांच्या धीराची सर्वांत दीर्घ परीक्षा घेतली.

इंजिनाचा ठोकळा आणि दोन धातू

पुढील कथाभाग नीट उमजावा म्हणून प्रथम मोटारीच्या इंजिनाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. इंजिनाचा मुख्य भाग म्हणजे त्याचा ठोकळा. कारागीर त्यास ब्लॉक म्हणतात. त्यात गोल नळकांडी असतात व त्यांतून दट्टे, म्हणजे पिस्टन, खालीवर होतात. नळकांड्यांत इंधन पेटते तेव्हा क्षणभर वायूची उष्णता इतकी वाढते की ती तशीच टिकली तर ठोकळाच वितळून जावा. म्हणून नळकांड्यांभोवती पोकळ जागा ठेवून तीत पाणी खेळते ठेवतात. आपल्या कुंडातील पाणी भूमीच्या पोटातील ऊब घेऊन वर येते. तसेच हे पाणी इंजिनाच्या पोटातील आच घेऊन बाहेर पडते, निवते आणि पुन्हा आत जाते.

असा ठोकळा ओतावा कशाचा? दोन धातू पुढे येतात, बीड आणि अ‍ॅल्युमिनियम. ह्या दोहोंचा स्वभाव आपल्या गृहिणींस चांगला ठाऊक आहे. बिडाचा तवा जड, उशिरा तापणारा, पण वर्षानुवर्षे न झिजणारा. ज्यास आपण जर्मनचे पातेले म्हणतो ते अ‍ॅल्युमिनियमचे. ते हलके, चटकन तापणारे व चटकन निवणारे, पण पोचा लवकर येणारे आणि घासणीने चरे पडणारे. अ‍ॅल्युमिनियमचे वजन बिडाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाहून किंचित अधिक भरते. मालमोटारीस हा लाभ लहान नव्हे. इंजिनाचे वजन जितके घटेल तितका माल अधिक भरता येतो. उष्णताही ह्या धातूतून कितीतरी लवकर बाहेर पडते.

परंतु दोषही तितकेच आहेत. अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने दट्ट्याच्या घर्षणाने नळकांडे झिजते, म्हणून आत बिडाची नळी, जिला कारागीर लायनर म्हणतात, बसवावी लागे. तापल्यावर हा धातू बिडाच्या दुपटीने फुगतो. त्यामुळे लायनर सैल होण्याचे व सांधे सुटण्याचे भय असते. पाणी आटून इंजिन अति तापले तर ठोकळा वाकतो. शिवाय वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये वायू विरघळतो आणि धातू थिजताना त्याचे बारीक बुडबुडे आत अडकून राहतात. वरून ठोकळा आरशासारखा गुळगुळीत दिसावा आणि आत मात्र तो सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांनी पोखरलेला असावा, असे घडते.

म्हणूनच कसोटीचे महत्त्व. ओतलेल्या ठोकळ्याची सर्व तोंडे बंद करून त्यात दाबाने पाणी भरतात आणि कोठे घाम फुटतो काय ते पाहतात. किंवा आत हवा भरून ठोकळा पाण्यात बुडवितात व बुडबुडे शोधतात. कठीण गोळी धातूवर ठराविक भाराने दाबून पडलेल्या खळग्यावरून त्याचा कठीणपणा मोजतात. त्याच ओतीतून काढलेली कांब ताणून तोडून पाहतात. नंतर जुळलेले इंजिन बैठकीवर बसवून तासन्‌तास भाराखाली चालवितात, पुन्हा उघडतात आणि झीज मोजतात. अखेरची परीक्षा रस्त्यावर, भरल्या गाडीनिशी, घाटाच्या चढणीवर. तानसाच्या नळांसारखे नळही कामास लावण्यापूर्वी दाबाचे पाणी भरून तपासावेच लागतात. नळ असो वा ठोकळा, दोघांस विचारावयाचा प्रश्न एकच: पाणी धरतोस की नाही?

आरंभीच्या काळात ह्या दोन धातूंची तडजोड करण्यात आली. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या पुष्कळ मोटारींत व मालमोटारींत खालची पेटी, जीत मुख्य दांडा फिरतो, ती अ‍ॅल्युमिनियमची असे आणि तीवर बिडाची नळकांडी वेगळी ओतून बोल्टांनी बसविलेली असत. राइट बंधूंनी १९०३ साली जे विमान उडविले, त्याच्या इंजिनाची मुख्य पेटी अ‍ॅल्युमिनियमचीच होती. फोर्डच्या १९०८ सालच्या ‘टी’ मोटारीत चारही नळकांडी एकाच बिडाच्या ठोकळ्यात ओतलेली होती, आणि हीच रीत स्वस्त व टिकाऊ म्हणून पुढे रूढ झाली. विमानास वजन जड, मालमोटारीस झीज जड. म्हणून विमानाने अ‍ॅल्युमिनियम पत्करला व मालमोटारीने बीड. आज लहान मोटारींचे ठोकळे बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असतात, परंतु अवजड ट्रकांत अद्याप बिडाचेच राज्य आहे.

मोटारीचा कारखाना : दहा वर्षांची वाट

त्या काळी हिंदुस्थानात मोटारी जोडल्या जात, घडविल्या जात नसत. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जोडणीचा कारखाना काढला होता व फोर्डचेही तसेच काम चाले. पेट्यांतून सुटे भाग यावयाचे, येथे नटबोल्ट आवळावयाचे. ठोकळा कोठल्या धातूचा, त्यात छिद्र आहे की नाही, ह्याचा निर्णय समुद्रापार आधीच झालेला असे. तो निर्णय तपासण्याचे साधन येथे नव्हते व तसा अधिकारही कोणास नव्हता.

ही उणीव ज्या थोड्या लोकांस जाचत होती त्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे प्रमुख होते. सन १९३५ मध्ये परदेशातील कारखाने पाहून त्यांनी मोटार-कारखान्याची योजना तयार केली. वालचंदशेठांनी ती उचलून धरली. मुंबई इलाख्यात १९३७ साली आलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने ह्या योजनेकडे सहानुभूतीने पाहिले. परंतु १९३९ साली मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो आधार गेला. शेठजींनी स्वतः अमेरिकेस जाऊन बोलणी केली. फोर्डशी जमले नाही, अखेर क्रायस्लर कंपनीशी करार झाला. तरीही हिंदुस्थान सरकारने हात पुढे केला नाही. युद्धाच्या काळात अशा नव्या कारखान्यास साहाय्य देण्याचे कारण नाही, अशी सरकारची भूमिका होती. सैन्यास हजारो मालमोटारी हव्या होत्या, त्या परदेशातून येत होत्या. येथे त्या घडविण्याची सिद्धता करणाऱ्यास मात्र परवानगीसाठी ताटकळावे लागत होते.

ह्याच अमेरिका-प्रवासातून परतताना, १९३९ साली, विमानात शेठजींची गाठ विल्यम पॉली नामक अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी पडली. मोटारीच्या शोधात गेलेला मनुष्य विमानाचा संकल्प घेऊन परतला! म्हैसूर संस्थानने जागा व भांडवलाचा वाटा दिला आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. पुढल्याच वर्षी तेथे जुळविलेले हार्लो जातीचे शिक्षण-विमान आकाशात गेले. परंतु जपान युद्धात उतरला, आणि १९४२ साली सरकारने शेठजींचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यात आणला. ज्याने बीज पेरले त्याच्या हातून रोपटे गेले. त्या रोपट्याचा वृक्ष मात्र झाला. १९६४ पासून हिंदुस्थान एअरोनॉटिक्स ह्या नावाने तो देशास छाया देत आहे.

मोटारीचा संकल्प शेठजींनी तरीही सोडला नाही. सन १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीची स्थापना झाली. मुंबईत कुर्ला येथे कारखाना उभा राहिला आणि १९४७ च्या मार्चमध्ये, स्वातंत्र्यास पाच महिने उरले असता, त्यातून पहिली गाडी बाहेर पडली. पुढे डॉज, डिसोटो व फार्गो ह्या नावांच्या मालमोटारी तेथून निघू लागल्या. घाटमाथ्यावरील धान्य व कापूस, कोकणातील लाकूड व भात त्यांतून वाहिले गेले. सन १९५० नंतर इटलीच्या फियाट कंपनीशीही करार झाला, आणि त्याच घराण्यातील गाडी पुढे मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून घरोघरी ठाऊक झाली.

येथे सत्य झाकून ठेवण्याचे कारण नाही. कुर्ल्याच्या पहिल्या गाड्याही जोडलेल्याच होत्या. त्यांचे ठोकळे अमेरिकेत ओतलेले होते. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्याची गोष्ट तर दूरच. आपल्या देशात अ‍ॅल्युमिनियम गाळण्यास केरळात अलवाये येथे १९४३ मध्ये आरंभ झाला होता, आणि जो धातू मिळे त्यास मागणी फार होती. म्हणून मालमोटारीस बीड हाच व्यवहार्य मार्ग होता. परंतु परकीय जोडणीचे कारखाने आणि प्रीमियर यांच्यात एक भेद होता. परकीयांस येथे जोडणीच करावयाची होती. प्रीमियरला जोडणीपासून आरंभ करून एकेक भाग येथे घडवावयाचा होता. सन १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरविले, की ज्यांच्यापाशी घडणावळीची योजना नाही त्यांनी हा धंदा करू नये. त्यानंतर जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील काम आवरते घेतले. शेठजींनी सुमारे अठरा वर्षांपूर्वी धरलेला आग्रह आता देशाचे धोरण झाला होता.

अखेर

हे यश पाहण्यास शेठजी राहिले नाहीत. सन १९४९ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. पुढल्या वर्षी त्यांनी कारभारातून अंग काढून घेतले. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. गुजरातेत सिद्धपूर येथे ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे देहावसान झाले. वय सत्तर वर्षांचे होते.

त्यांच्या कार्याचे मोल करताना दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. एकाच वेळी अनेक प्रचंड उद्योगांत हात घातल्याने त्यांच्या भांडवलाची ओढाताण होई. विमानाचा कारखाना हातून गेला, तसा जहाजांचा कारखानाही पुढे सरकारकडे गेला. त्यांनी उभारलेल्या काही संस्था काळाच्या ओघात लोपल्या. कुर्ल्याच्या कारखान्यातून आज गाड्या निघत नाहीत. परंतु सांगली येथे १९४७ साली निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास १९५५ पासून त्यांचे नाव आहे, आणि तेथून व त्यासारख्या विद्यालयांतून बाहेर पडलेल्या मुलामुलींनी महाराष्ट्रातील कारखान्यांत ओतकामापासून परीक्षणापर्यंतची सर्व कामे शिरावर घेतली आहेत. आपल्या देशात आज ट्रकाचा ठोकळा ओतला जातो, तपासला जातो आणि दोष आढळल्यास येथल्याच माणसाच्या शब्दावर बाजूस काढला जातो. शेठजींनी ज्यासाठी दहा वर्षे वाट पाहिली, ते हेच होय.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आज भिवंडीच्या गोदामांपुढे अहोरात्र मालट्रकांच्या रांगा लागतात. आपल्यापैकी कित्येक घरांतील तरुण त्या ट्रकांवर चालक आहेत, कोणी गॅरेजात कामास आहेत, कोणी गोदामात मालाची नोंद ठेवतात. ह्या कष्टांस मी यत्किंचितही कमी लेखीत नाही. बार्शीच्या रस्त्यावर मातीचा हिशेब करणारा तरुणही असाच उन्हात उभा होता. परंतु तो तेथेच थांबला नाही. जे चालविले ते कसे घडते, हे जाणण्याची त्याने आस धरली. आपल्या मुलांनीही गाडीचे चाक हाती धरल्यावर तिचे पोट उघडून पाहावे. ब्लॉक का फुटला, लायनर का झिजली, हे विचारावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत व तंत्रनिकेतनात मुलगा व मुलगी दोघांसही पाठवावे. गुळगुळीत दिसणाऱ्या वस्तूस दाबाचे पाणी भरून तपासण्याची विद्या ज्यास आली, त्यास फसविणे कठीण. आणि ज्या समाजात अशी माणसे वाढतात, त्यास दुसऱ्याच्या प्रमाणपत्रावर विसंबून राहावे लागत नाही.

शेठ वालचंद हिराचंद यांच्या स्मृतीस आपल्या मंडळातर्फे नम्र अभिवादन करून हा चरित्रलेख पुरा करतो.